सार्वजनिक आरोग्याचे क्षेत्रप्रशिक्षण : शिरूर व दौंड

सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासक्रमातील ठराविक काळ प्रत्यक्ष लोकवस्तीत, तेथील आरोग्यसेवेचा एक घटक म्हणून, अनुभवी कार्यकर्त्यांच्या देखरेखीखाली काम करीत घालविणे, म्हणजे क्षेत्रप्रशिक्षण होय. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्णालयातील कक्षाचे जे महत्त्व, तेच सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याला गावाचे, ही यामागील मूळ कल्पना आहे. तथापि या तुलनेत एक उणीव राहते. कक्षातील रुग्ण स्वतःच्या गरजेपोटी आलेला असतो. गाव मात्र विद्यार्थ्याकडे आलेले नसते, विद्यार्थी गावाकडे जातो. आपल्या घरातील माणसे, आजार, जन्म-मृत्यू, पाण्याची सोय, संडास आणि उत्पन्न यांविषयी अनोळखी तरुणाला माहिती देणारे कुटुंब त्या शिक्षणाला हातभार लावीत असते. या बदल्यात त्याला काय मिळते, हा या पद्धतीच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या तालुक्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय आणि एक धर्मादाय रुग्णालय अशा तीन वेगवेगळ्या प्रकारच्या संस्थांनी आपली ग्रामीण कार्यक्षेत्रे उभारल्यामुळे या प्रश्नाची उत्तरे तेथे शेजारीशेजारी पाहावयास मिळतात.

भीमा नदीच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड असे या तालुक्यांचे स्थूल स्थान आहे. दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. घोड नदीकाठचे शिरूर हे गाव पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) रस्त्यावर पुण्यापासून सु. ६७ किमी. अंतरावर असून, दौंड हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील मोठे प्रस्थानक आहे. तेथून मनमाडकडे फाटा जातो. दौंड तालुक्याचा बराच भाग खडकवासल्याच्या कालव्यांमुळे, तर शिरूरचा काही भाग कुकडी व चासकमान प्रकल्पांच्या पाण्यामुळे ओलिताखाली आला व तेथे ऊस वाढला. उरलेला भाग जिराईतच राहिला. एकाच तालुक्यात बागाईत आणि दुष्काळी अशी दोन प्रकारची गावे असणे, पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगे अंतर असणे आणि मोठ्या रस्त्यांची सोय असणे ही हा भाग शिक्षणासाठी सोयीचा ठरण्याची कारणे दिसतात. यांपैकी दुसरे कारण सोयीचे असले, तरी शिक्षणाच्या दृष्टीने पूर्णपणे हितकारक ठरले असे म्हणता येत नाही. जो विद्यार्थी रोज संध्याकाळी शहरात परततो, त्याला रात्री अडलेली बाळंतीण पाहावयास मिळत नाही. (जुन्या इंग्रजी कागदपत्रांत शिरूरचा उल्लेख ‘सिरूर’ व दौंडचा ‘धोंड’ असा आढळतो; शिरूर गावाला बोलण्यात ‘घोडनदी’ असेही म्हणतात. अभ्यासकाने ही नावे ध्यानात ठेवणे इष्ट होय.)

पूर्वपीठिका : घरोघर जाऊन गावाची माहिती गोळा करण्याची परंपरा या भागात आरोग्यशास्त्राच्या आधी शेतीशास्त्राने आणली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य व नंतर मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक असलेले हॅरल्ड मान यांनी पवना नदीकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने त्यांनी दुसरी पाहणी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची केली. ती १९२१ साली प्रसिद्ध झाली. जमिनीचे तुकडे, पिके, कर्ज, खर्च आणि उत्पन्न यांचा कुटुंबवार हिशोब मांडून, गावातील बहुसंख्य कुटुंबे स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह करू शकत नाहीत, असे या पाहणीने दाखवून दिले. रोग हा तिचा विषय नव्हता. परंतु एका गावातील सर्व घरे मोजल्याखेरीज गावाविषयी बोलू नये, हा धडा तिने घालून दिला. पुढील काळातील आरोग्य-पाहण्यांपैकी अनेकींना तो पाळता आला नाही.

आरोग्यशिक्षणात गावाला स्थान मिळाले ते प्रथम पुण्यात नव्हे. पीकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९२५ साली जॉन ग्रँट यांनी शहराचा एक विभाग शिक्षणासाठी घेऊन तेथे आरोग्यकेंद्र चालविले. शिक्षणासाठी घेतलेल्या वस्तीला कायमची सेवा मिळाली पाहिजे, हे त्यांच्या विचाराचे मुख्य सूत्र होते. हेच ग्रँट १९३९ ते १९४५ या काळात कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेचे (स्थापना १९३२) संचालक होते. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या संस्थेने हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे आपले ग्रामीण आरोग्यकेंद्र चालविले. दिल्लीजवळ नजफगढ येथेही याच प्रतिष्ठानाच्या मदतीने आरोग्य-एकक स्थापन झाले होते. पदविकेसाठी आलेल्या डॉक्टरांना येथे विहिरी, हिवताप, सुइणी आणि जन्ममृत्यूची नोंदवही यांचा परिचय होत असे.

ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमलेल्या आणि १९४६ मध्ये अहवाल सादर केलेल्या आरोग्य पाहणी व विकास समितीत ग्रँट एक सदस्य होते. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे जन्माने नासिकचे व पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाचे विद्यार्थी. भावी डॉक्टर हा ‘सामाजिक वैद्य’ व्हावा, यासाठी प्रत्येकाला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळावे, तसेच सु. ४०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावे, या तिच्या दोन शिफारशी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत. त्या एकमेकींवर अवलंबून होत्या. केंद्रे नसतील, तर विद्यार्थी पाठवावयाचे कोठे, आणि विद्यार्थ्यांना गावाची ओळख नसेल, तर केंद्रांवर पुढे जाणार कोण? प्रत्यक्षात केंद्रे हळूहळू, मुख्यतः १९५२ नंतर समूहविकास योजनेबरोबर उभी राहिली. महाविद्यालयांतील प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे स्वतंत्र विभाग १९५५ च्या वैद्यकीय शिक्षण परिषदेनंतर वाढीस लागले.

महाविद्यालये गावात : पुण्यातील बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळेचे (स्थापना १८७८) महाविद्यालयात रूपांतर झाले ते भोर समितीचा अहवाल आला त्याच, म्हणजे १९४६ या वर्षी. या शासकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र शिरूर येथे आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात पदवीचे शिक्षण १९६२ पासून सुरू झाले. त्याचे ग्रामीण केंद्र दौंड तालुक्यात पुणे–सोलापूर रस्त्यावरील कासुर्डी येथे आहे. या दोन केंद्रांच्या हेतूंत एक सूक्ष्म भेद आहे. शिरूरला येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण पुढे राज्याच्याच आरोग्यसेवेत, कदाचित अशाच एखाद्या तालुक्यात, रुजू होतात. कासुर्डीला येणारा छात्र बहुधा सैन्यदलात जाणार असतो. त्याला गाव शिकावयाचे, ते एखाद्या तळावरील वस्तीचे पाणी, अन्न, माश्या, डास आणि साथ यांवर नियंत्रण ठेवता यावे म्हणून, आणि ज्यांच्यातून जवान येतो ती कुटुंबे कळावीत म्हणूनही.

विद्यार्थ्याचे काम सर्वत्र जवळजवळ सारखेच असते. प्रथम गावाचा नकाशा : पाण्याचे उद्‌भव, उकिरडे, शाळा, अंगणवाडी, देऊळ, वस्त्या. मग कुटुंबांची पाहणी. त्यातून एखादे कुटुंब निवडून त्याचा सविस्तर अभ्यास. विहिरीतील पाण्याचे घनमान काढून, हॉरॉक पेटीने चाचणी घेऊन त्यात किती विरंजक चूर्ण टाकावयाचे ते ठरविणे, हा पाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ग्रामपंचायतीच्या शिपायाला हे चूर्ण ‘टी.सी.एल.’ या नावाने आणि शिल्लक क्लोरिनाची परीक्षा ‘ओटी’ या नावाने परिचित असते. विद्यार्थ्याला पुस्तकातील नाव ठाऊक असते, शिपायाला डबा कोठे ठेवला आहे ते. या परीक्षेत दोघांपैकी जास्त गुण कोणाला द्यावेत हे सांगणे कठीण. याशिवाय लसीकरणाच्या सत्रात आरोग्यसेविकेला मदत, शाळेतील मुलांची तपासणी, १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली सुरू झालेल्या अंगणवाड्यांत मुलांची वजने व वाढीचे तक्ते, क्षयरुग्णांचा पाठपुरावा, बाह्यरुग्ण विभागातील काम, आणि शेवटी अहवाल. अहवालाच्या प्रती महाविद्यालयात जमा होतात. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, असे फारसे कोणाला सुचले नाही, हे नमूद करणे भाग आहे.

या व्यवस्थेतील एक अडचण प्रशासकीय होती व ती आजही पूर्ण दूर झालेली नाही. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्यकेंद्रे त्यांच्या अखत्यारीत गेली. १९७० साली वैद्यकीय शिक्षण व संशोधन यांसाठी आरोग्यसेवेपासून स्वतंत्र संचालनालय झाले. केंद्रातील वैद्यकीय अधिकारी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला जबाबदार, तेथे आलेला आंतरवासी डॉक्टर महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना. त्याने बाह्यरुग्ण विभागाची गर्दी हाताळावी, अशी केंद्राची स्वाभाविक अपेक्षा. त्याने कुटुंबांचा अभ्यास करावा, अशी विभागाची. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांचे महत्त्व वाढल्यावर आंतरवासीची स्वतःची अपेक्षा तिसरीच झाली, ती म्हणजे वाचनास वेळ मिळावा. या ओढाताणीत नेमणुकीचा काळही बदलत राहिला. आंतरवासितेच्या वर्षात समाजवैद्यकाला १९९७ च्या नियमांनी दोन महिने दिले होते. २०२१ च्या नियमांनी ते बारा आठवडे केले. मुदत वाढविल्याने उपस्थिती वाढते की शिक्षण, हे ज्या केंद्रात विद्यार्थी उतरतो त्याच्या स्थितीवर अवलंबून राहते.

वैद्यकीय शिक्षणाला ग्रामाभिमुख करण्याचा मोठा शासकीय प्रयत्न श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या अहवालानंतर झाला. त्यास अनुसरून १९७७ साली प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्यकेंद्रांची जबाबदारी घ्यावी, अशी योजना केंद्र शासनाने आखली. ब्रिटनच्या साहाय्याने फिरती रुग्णालये पुरविण्यात आली. ही अवजड वाहने अरुंद व कच्च्या रस्त्यांना सोयीची नव्हती. अनेक ठिकाणी ती महाविद्यालयाच्या आवारातच अधिक काळ दिसत. हा अनुभव योजनेच्या कर्त्यांच्या हेतूवर प्रकाश टाकत नाही, पद्धतीवर मात्र टाकतो : शिक्षकांना व विशेषज्ञांना गावात नेण्याचा विचार झाला, गावात त्यांनी नेमके काय करावे याचा कमी. याच्या उलट वर्ध्याजवळील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) डॉ. सुशीला नायर यांनी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीकडे एक गाव सोपविण्याची प्रथा घातली. विद्यार्थी त्या गावात शिबिरासाठी राहतात आणि नेमून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. तेथे वाहनापेक्षा मुक्कामाला महत्त्व होते.

वढूचा प्रयोग : शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथील कार्य हे या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण होय. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले हे गाव भीमेच्या परिसरात, कोरेगाव भीमाजवळ वसले आहे. १९१२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये तेथील ग्रामीण आरोग्यकार्यास आरंभ केला. ते वर्ष महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचे होते. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून शहरातील रुग्णालयात काम करताना, खेड्यांतून अखेरच्या अवस्थेत आणलेल्या स्त्रिया पाहून, हे रुग्ण येथे येण्यापूर्वीच वाचविता आले असते, हे कोयाजी यांच्या ध्यानात आले होते. शहरातून डॉक्टर पाठविणे अपुरे आहे, हेही लवकरच स्पष्ट झाले. म्हणून १९७७ पासून गावातीलच व्यक्तींना निवडून व प्रशिक्षण देऊन आरोग्य-मार्गदर्शक म्हणून नेमण्यावर भर देण्यात आला. अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून, आणि अलिबागजवळ मांडवा येथे डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७३ पासून हीच दिशा धरली होती. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा संमत झाला, तेव्हा महाराष्ट्रातील या कामांना काही वर्षे होऊन गेली होती. कोयाजी यांना १९९३ साली लोकसेवेसाठीचा मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. आरोळे दांपत्याला तो १९७९ सालीच मिळाला होता.

विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाच्या दृष्टीने वढूचे वेगळेपण असे, की तेथे आधी सेवा होती आणि शिक्षण तिच्या मागून आले. विद्यार्थी ज्या घरी जातो, त्या घरातील सून वढूच्या रुग्णालयात बाळंत झालेली असते, तिच्या मुलाला तेथेच लस मिळालेली असते आणि विद्यार्थ्याबरोबर आलेली कार्यकर्ती त्याच पंचक्रोशीतील असते. प्रश्नावली घेऊन आलेल्या तरुणाचा परिचय ‘रुग्णालयाचा माणूस’ असा होतो. हा विश्वास त्याने मिळविलेला नसतो, त्याला तो उसना मिळतो. उसन्या विश्वासावर काम करताना अधिक जपून राहावे लागते, ही गोष्ट तेथील प्रशिक्षणात ओघानेच शिकविली जाते.

१९९० नंतरच्या काळात या परिसराला संशोधनक्षेत्राचे रूप आले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी के.ई.एम. रुग्णालयातर्फे, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांच्या सहकार्याने, १९९३ पासून पुणे माता-पोषण अभ्यास हाती घेतला. त्यातील पाबळ, केंदूर, करंदी, धामारी, कोरेगाव भीमा ही गावे शिरूर तालुक्यातील आहेत. येथे जन्मणाऱ्या बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. भरले, परंतु वजनाने हलक्या असलेल्या या बालकांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याचे आढळले. कृश दिसणाऱ्या भारतीयांत मधुमेह इतका का, या प्रश्नाचा धागा या गावांतील नवजात बालकांपर्यंत नेऊन पोहोचविणारा हा अभ्यास जगभर उल्लेखिला जातो. तो शक्य झाला, कारण गर्भारपण लक्षात येताच त्याची नोंद व्हावी इतक्या नियमाने स्त्रियांच्या घरी जाणारी माणसे गावांत होती.

२००२ साली वढू येथे आरोग्य व लोकसंख्या निरीक्षणाची पद्धतशीर व्यवस्था सुरू झाली. शिरूर व हवेली या तालुक्यांतील २२ गावे तीत येतात. प्रत्येक व्यक्तीला कायमचा क्रमांक, वर्षातून दोनदा घरभेट, आणि प्रत्येक भेटीत जन्म, मृत्यू, लग्न, आगमन व स्थलांतर यांची नोंद अशी तिची रचना आहे. मृत्यू घरी झाला असल्यास नातेवाइकांकडे विशिष्ट क्रमाने विचारपूस करून त्याचे संभाव्य कारण ठरविले जाते. आशिया व आफ्रिकेतील अशा निरीक्षणक्षेत्रांच्या ‘इंडेप्थ’ या जाळ्यात (स्थापना १९९८) वढूचा समावेश झाला. रोटाव्हायरसजन्य अतिसारावरील भारतीय लशीच्या २०११ मध्ये सुरू झालेल्या निर्णायक चाचणीसाठी दिल्ली, वेल्लोर व पुणे अशी तीन क्षेत्रे निवडली गेली. त्यांपैकी पुण्याचे क्षेत्र म्हणजे वढू होय. तिन्ही ठिकाणी मिळून ६,७९९ बालकांचा तीत समावेश होता. २०१६ पासून ही लस राष्ट्रीय लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. महाराष्ट्रात रोटाव्हायरसची लस २०१९ पासून शासकीय केंद्रांत मोफत मिळू लागली, म्हणजे ज्या गावांनी चाचणीत भाग घेतला त्यांच्या नंतरच्या बालकांना तिचा लाभ झाला. क्षेत्रप्रशिक्षणात गावाला काय मिळते, या प्रश्नाचे असे ठोस उत्तर क्वचितच देता येते; आणि तेही माहिती देणाऱ्या पिढीला नव्हे, तिच्या मागून आलेल्या पिढीला मिळालेले असते.

डॉक्टर नसलेला विद्यार्थी : विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भारतात सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण बहुतांशी डॉक्टरांपुरते मर्यादित होते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९७ साली सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि २००६ मध्ये सार्वजनिक आरोग्य प्रतिष्ठान स्थापन झाल्यावर अशा अभ्यासक्रमांची संख्या वाढली. पुणे विद्यापीठातही (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) आंतरविद्याशाखीय आरोग्यविज्ञान प्रशालेत हा अभ्यासक्रम आला. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालये १९९८ मध्ये नासिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाकडे गेली असल्याने, एकाच तालुक्यात काम करणारे दोन प्रकारचे विद्यार्थी आता दोन विद्यापीठांचे असतात आणि त्यांच्या शिक्षकांची गाठ पडतेच असे नाही.

नव्या अभ्यासक्रमांत आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, समाजकार्य, संख्याशास्त्र अशा विविध शाखांचे पदवीधर येतात. त्यांची क्षेत्रातील नेमणूक काही आठवड्यांची असते व ती बहुधा प्रबंधाशी जोडलेली असते. गावाच्या दृष्टीने हा विद्यार्थी समजण्यास अवघड असतो. त्याच्या गळ्यात नळी नाही, पिशवीत गोळी नाही. तो केवळ प्रश्न विचारतो. ‘आमच्या म्हातारीचे गुडघे तपासता का?’ या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते. येथे प्रशिक्षणाची खरी कसोटी लागते. तो म्हातारीला योग्य ठिकाणी पोहोचवू शकतो काय, केंद्रात त्या दिवशी डॉक्टर आहे काय हे त्याला माहीत आहे काय, आणि दुसऱ्या खेपेस त्याच घरी गेल्यावर गुडघ्यांची चौकशी करण्याचे त्याच्या ध्यानात राहते काय, यावरून त्याची योग्यता त्याच्या कोष्टकांपेक्षा अधिक कळते. संशोधनातील नैतिकतेविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००६ व २०१७ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे संमतिपत्र घेणे आता रूढ झाले आहे. मात्र सही वा अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असे मानण्याची सवय लागणे हाही एक धोका आहे. नाही म्हणणाऱ्या घराचा उंबरठा आदराने उतरणे विद्यार्थ्याला मुद्दाम शिकवावे लागते.

या संदर्भात पाबळच्या विज्ञान आश्रमाचा उल्लेख केला पाहिजे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या या संस्थेने माध्यमिक शाळेसाठी आखलेल्या तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात ‘गृह व आरोग्य’ हा एक विभाग ठेवला आणि त्यात रक्तगट व हीमोग्लोबिन तपासण्याचे काम शाळकरी मुलांना शिकविले. विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याने ज्या तालुक्यात रक्तक्षयाची पाहणी करावयाची, त्याच तालुक्यातील नववी-दहावीची मुले आपल्या गावकऱ्यांचे रक्त तपासू शकतात, ही गोष्ट क्षेत्रप्रशिक्षणाच्या रूढ आराखड्यात बसत नाही. तरी तिच्यावर अधिक विचार व्हावयास हवा होता.

बदलते क्षेत्र : ज्या गावाचा नकाशा जुन्या विद्यार्थ्यांनी काढला, ते गाव आज त्याच रूपात राहिलेले नाही. शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडी, कोरेगाव भीमा, शिक्रापूर या पट्ट्यात आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे कारखानदारी आली. भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या व इतर राज्यांतील कामगार तेथे राहू लागले. अतिसार, कुपोषण आणि हिवताप यांच्यासाठी आखलेल्या प्रश्नावलीत रक्तदाब, मधुमेह, रस्त्यावरील अपघात आणि रासायनिक कारखान्यांतील कामाचे धोके यांना जागा करावी लागली. दुसरा बदल हंगामी व बराच जुना आहे. न्हावरे व पाटस येथील सहकारी साखर कारखान्यांच्या गळिताच्या काळात मराठवाड्यातून व अहमदनगर जिल्ह्यातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. पावसाळ्यात नेमणूक असलेल्या विद्यार्थ्याच्या पाहणीत त्या असत नाहीत. जानेवारीत आलेल्याला त्या फडात दिसतात, पण गावाच्या यादीत नाहीत. लसीकरण अपुरे राहिलेली मुले बऱ्याचदा या कोपींमध्येच सापडतात. एकाच गावाविषयी दोन अहवालांत आढळणाऱ्या विसंगतीचे कारण काही वेळा एवढेच असते.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ पासून ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात आणला. पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याकडे तीन ते पाच कुटुंबे सोपवावयाची व पुढील वर्षांत त्याने त्यांचा पाठपुरावा करावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. सेवाग्रामची जुनी रीत यातून देशभर नेण्यात आली, असे म्हणावयास हरकत नाही. ‘दत्तक’ हा शब्द मात्र उलटा वाटतो. आठ-दहा वेळा येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला चहा पाजून, आपल्या घरातील दुखणी समजावून सांगणारे कुटुंबच त्याला काही काळ आपलेसे करीत असते. या कार्यक्रमासाठी कुटुंबे निवडताना सामान्यतः गावातील कायम रहिवासी घेतले जातात, कारण तीन वर्षांनी ते त्याच घरात सापडण्याची शक्यता अधिक. साहजिकच सणसवाडीच्या चाळीत भाड्याने राहणारे कुटुंब किंवा न्हावऱ्याच्या फडावरील कोपीतले कुटुंब या निवडीत सहसा येत नाही. वढूच्या निरीक्षणव्यवस्थेत आगमन व स्थलांतर यांच्या स्वतंत्र नोंदी असल्याने खोलीत नव्याने राहावयास आलेल्या भाडेकरूचाही छडा लागू शकतो; महाविद्यालयांच्या कुटुंबपत्रिकांत मात्र अशा घरासाठी अद्याप रकाना नाही.